इसबगोलाचा डबा आणि कॅन्सरची गोळी: काय घ्यावं, कधी घ्यावं, कधी हातच लावू नये

परळला टाटा मेमोरियल आणि केईएमच्या आसपास एखाद्या मेडिकलमध्ये ‘पोट साफ होण्यासाठी फायबर द्या’ म्हटलं की काउंटरवर साधारण चार प्रकारचा माल येतो. साधी इसबगोल भुसी, संत्र्याच्या चवीची पाकिटं, सोनामुखी घातलेली चूर्णं आणि पाण्यात दिसेनाशी होणारी फायबर पावडर. विकणारा चारही एकाच फळीवर ठेवतो. पोटात गेल्यावर मात्र त्यांचं वागणं वेगवेगळं असतं. ज्याची केमो, टार्गेटेड गोळी (कॅन्सरपेशीतल्या ठरावीक गोष्टीवरच मारा करणारी), हार्मोनची गोळी किंवा मॉर्फिन चालू आहे, त्याला हा फरक कळायलाच हवा.

कौल आधीच देतो, कारण रांगेत उभ्या असलेल्या नातेवाइकाला तोच आधी हवा असतो. घ्यायचीच असेल तर साधी भुसी घ्या, जिच्या घटकांच्या यादीत इसबगोलाशिवाय दुसरं काही नाही. गोळी आणि भुसी यांच्यात निदान २ तासांचं अंतर ठेवा. पाणी कमी पडणार असेल तर त्या दिवशी भुसी घेऊ नका. आणि गिळायला त्रास होत असेल, आतड्यात कुठे अडथळा किंवा अरुंदपणा असेल, किंवा मॉर्फिनच्या जातीचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चारपैकी कुठलाच डबा उघडू नका.

साधी भुसी

मुंबईत बहुतेक घरांना ओळखीचा आहे तो टेलिफोन छाप सत इसबगोलाचा डबा, गुजरातेतल्या सिद्धपूरचा. इतर कंपन्यांची साधी भुसीही मिळते. चांगली भुसी फिकट पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, हलकी आणि जवळजवळ बिनवासाची असते. तळाशी काळपट कण, वाळू किंवा बियांचे तुकडे दिसले तर तो माल परत करावा.

या मालाचं सगळं बळ फुगण्यात आहे. औषधी दर्जाची १ ग्रॅम भुसी पाण्यात निदान ४० मिलिलिटरपर्यंत फुगली पाहिजे, असं युरोपीय औषधसंहितेचं मोजमाप आहे. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, म्हणून कडक मल मऊ होतो. पातळ जुलाबात तीच जास्तीचं पाणी शोषून मलाला थोडा आकार देते. एकच वस्तू दोन्हीकडे चालते ती या कारणाने. पण फुगायला बाहेरचं पाणी मिळालं नाही तर ती जिथे अडकेल तिथे फुगते, मग ती जागा घसा असो, अन्ननलिका असो की आतडं.

मोठ्या माणसासाठी युरोपीय औषध संस्थेने दिवसाला ७ ते ११ ग्रॅम, एक ते तीन वेळांत विभागून, असं प्रमाण धरलं आहे आणि प्रत्येक ग्रॅममागे किमान ३० मिलिलिटर पाणी सांगितलं आहे. म्हणजे ५ ग्रॅमला १५० मिलिलिटर झालं. आमच्या मते केमो चालू असलेल्या माणसाने २५० मिलिलिटरचा भरलेला पेला आणि त्यावर लगेच आणखी एक पेला, हेच माप धरावं. उलट्या, ताप, कमी भूक यांमुळे त्याच्या अंगात पाणी आधीच कमी असतं.

चमच्याचा घोळ इथे नेहमी होतो. चहाचा चमचा सपाट भरून अख्खी भुसी घेतली तर ती साधारण दीड ते दोन ग्रॅम भरते. तोच चमचा बारीक दळलेल्या पावडरीने भरला तर वजन बरंच वाढतं. डब्यावर ‘दोन चमचे’ लिहिलेलं असेल तर ते कशाचे, अख्ख्या भुसीचे की पावडरीचे, हे बघा. सुरुवात एका सपाट चमच्याने, दिवसातून एकदा करा. तीन दिवस पोट फुगणं, गॅस, कळ यांपैकी काही नसेल तर दुसरा चमचा वाढवा. पहिल्याच दिवशी तीन मोठे चमचे घेणाऱ्याला पोट फुगल्याने अन्न जात नाही, आणि आधीच वजन उतरलेल्या रुग्णाला ते परवडत नाही.

करायची पद्धत अशी: पेल्यात आधी पाणी घ्या, वरून भुसी भुरभुरवा, चमच्याने ढवळा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत प्या. ठेवून दिली तर घट्ट पेजेसारखी होते आणि गिळताना गोळा होतो. कोरडी भुसी तोंडात टाकून वरून पाणी पिण्याची सवय काही घरांत असते, ती धोक्याची आहे. भुसी बसून घ्यावी, झोपून नाही. झोपायच्या अगदी आधीही घेऊ नये. आपल्याकडे रात्री गरम दुधातून इसबगोल घेण्याची जी रीत आहे ती निरोगी माणसाला चालून जात असेल, पण आजारी माणसाने तीच भुसी संध्याकाळी सहा-सातला पाण्यातून घ्यावी. केमोनंतर काहींना काही काळ दूध पचत नाही, आणि मग जुलाब भुसीने झाले की दुधाने, हेच कळत नाही.

परिणाम १२ ते २४ तासांत दिसू लागतो, कधी दोन-तीन दिवस लागतात. सकाळी घेतली आणि दुपारपर्यंत काही झालं नाही म्हणून पुन्हा दुप्पट घेणं चूक आहे.

भुसी ओतताना तिची बारीक धूळ उडते. ती श्वासात गेल्याने काहींना शिंका, दमा किंवा अंगावर गांधी येऊ शकते. रोज कुणासाठी तरी भुसी कालवणाऱ्या घरच्या माणसांनी आणि आयांनी हे ध्यानात ठेवावं. एकदा अशी ॲलर्जी झाली की तो डबा त्या माणसासाठी कायमचा बंद.

गोळीशी भांडण नेमकं कुठे होतं

सलाइनमधून दिलेलं औषध थेट रक्तात जातं, त्यामुळे भुसी त्याला आतड्यात अडवू शकत नाही. सांभाळायचं ते तोंडाने घ्यायच्या औषधांचं. भुसीचा चिकट थर पोटातला मजकूर पुढे सरकण्याचा वेग बदलतो, गोळी विरघळून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचायला उशीर करतो, आणि काही औषधांना स्वतःत धरून ठेवतो. लोह, कॅल्शियम, झिंक, बी-१२, लिथियम, डिगॉक्सिन आणि वॉरफेरिनच्या जातीची रक्त पातळ करणारी औषधं यांच्याबद्दल ही सूचना इसबगोलाच्या अधिकृत माहितीत आहे. कॅन्सरच्या रुग्णाच्या औषधांच्या डब्यात यांपैकी काही बऱ्याचदा असतात.

बहुतेक टार्गेटेड गोळ्यांच्या माहितीपत्रकात इसबगोलाचं नावही नसतं. त्याचा अर्थ ‘चालतं’ असा घेऊ नये. इसबगोलाच्या युरोपीय माहितीत इतर औषधांपासून अर्धा ते एक तास अंतर सांगितलं आहे, अमेरिकी डब्यांवर २ तास. कॅन्सरच्या गोळीसाठी आम्ही २ तासच धरतो, कारण या गोळ्यांत रक्तातली पातळी थोडी घसरली तरी फरक पडतो, आणि ती घसरल्याचं अंगावर काहीच दिसत नाही.

शिवाय काही गोळ्या रिकाम्या पोटीच घ्यायच्या असतात, आणि भुसीचा पेला हे ‘काहीतरी खाल्लं’ यातच मोडतं. ही बाब सगळ्यात जास्त विसरली जाते. रक्ताच्या कॅन्सरवरच्या नायलोटिनिबच्या आधी २ तास आणि नंतर १ तास काही खायचं नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या ॲबिराटेरोनचंही तसंच, आधी २ तास आणि नंतर १ तास पोट रिकामं. अर्लोटिनिब आणि सोराफेनिब या टार्गेटेड गोळ्या जेवणाच्या १ तास आधी किंवा २ तासांनंतर. या खिडकीत भुसी आली तर नियम मोडलाच, मग त्यात कॅलरी असोत वा नसोत.

रोजचं वेळापत्रक त्यामुळे गोळीभोवती बांधावं लागतं. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी सकाळी आणि रात्री जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. समजा सकाळी ९ आणि रात्री ९. मग भुसीची जागा दुपारी २ ते संध्याकाळी ५ च्या मध्ये. इमॅटिनिब ही टार्गेटेड गोळी दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्याने घेतात. ते दुपारचं जेवण असेल तर भुसी संध्याकाळी. नायलोटिनिब दर १२ तासांनी असते. सकाळी ८ आणि रात्री ८ धरली तर भुसी दुपारी १ ते ४ मध्ये सुखाने बसते, रात्री झोपताना नाही. ॲबिराटेरोनबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं, ते जेवणाबरोबर. त्यालाही भुसीपासून लांब ठेवा.

थायरॉइडच्या कॅन्सरबद्दल जास्त सांगावं लागेल, कारण इथे भुसी आणि औषध यांची टक्कर नोंदलेली आहे. थायरॉइड काढल्यावर लेव्होथायरॉक्सिन ही नुसती कमतरता भरून काढणारी गोळी नसते. बऱ्याच रुग्णांत ती टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) मुद्दाम खाली दाबून ठेवण्यासाठी दिलेली असते, कारण टीएसएच वाढलं तर उरलेल्या कॅन्सरपेशींना चालना मिळू शकते. आहारातलं फायबर ही गोळी बांधून ठेवतं आणि तिचं शोषण कमी करतं, असं गोळीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी गोळी, अर्धा ते एक तास थांबून नाश्ता, आणि भुसी थेट संध्याकाळी, ही व्यवस्था ठेवा. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला किंवा इतर कुठे फॉलोअपला जाताना ‘भुसी अमुक तारखेपासून सुरू केली’ हे सांगा. भुसी सुरू केल्यावर किंवा बंद केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पाहिलं तर खरा आकडा दिसतो. कधी घ्यायची, कधी सोडायची, असं केलं तर डोस कशावरून ठरवायचा हे डॉक्टरांनाही कळत नाही.

मेंदूच्या गाठीसाठी फिट येऊ नये म्हणून कार्बामाझेपिन चालू असेल तर त्यालाही हेच अंतर लागू. स्टेरॉइडमुळे साखर वाढलेल्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची जेवणानंतरची साखर भुसीने खाली येऊ शकते. पहिला आठवडा ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवा.

मॉर्फिन, ओंडान्सेट्रॉन, विनक्रिस्टिन

बद्धकोष्ठता झाली की इसबगोल, हे समीकरण इतकं पक्कं बसलेलं आहे की मॉर्फिनवर असलेल्या रुग्णालाही घरचे तेच देतात. इथे ते चुकतं. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, फेंटानिलची पट्टी ही औषधं आतड्याची पुढे ढकलण्याची हालचालच मंद करतात. मल आतच थांबतो, त्यातलं पाणी शोषलं जातं, तो सुकतो. अशा आतड्यात भुसी टाकली की आकार वाढतो, पण ढकलणारं कुणी नसतं. मग खालच्या टोकाला गच्च गोळा बसतो, आणि तो काढायला हॉस्पिटलची वारी करावी लागते. या रुग्णाला आतडं हलवणारं किंवा पाणी खेचून आणणारं औषध लागतं: बिसाकोडिल, सोनामुखीची गोळी, पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, लॅक्ट्युलोज. कुठलं आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मॉर्फिन लिहून देताना त्याबरोबर पोटाचं औषध लिहिलेलं आहे का, ते चिठ्ठीत बघा. नसेल तर तिथेच विचारा, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

विनक्रिस्टिन हे केमोचं औषध आतड्याच्या नसांवर परिणाम करतं आणि कधी आतड्याची हालचाल पूर्ण थांबवतं. लिम्फोमा आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात ते वारंवार वापरतात. मुलाला शी होत नाही म्हणून घरच्या घरी भुसी देणं टाळा, वॉर्डात फोन करा.

उलटीसाठी दिलेल्या ओंडान्सेट्रॉनने होणारी बद्धकोष्ठता सौम्य असते. साधारण केमोनंतरच्या पहिल्या काही दिवसांत ती जाणवते. माणूस दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पीत असेल, उलटी थांबलेली असेल, तर इथे साधी भुसी चांगली चालते. पाणी पोटात ठरत नसेल तर चालत नाही.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये किंवा पोटाच्या पडद्यावर आजार पसरलेला असेल तर आतडं बाहेरून दाबलं जाऊ शकतं. मोठ्या आतड्यातली गाठ आतून वाट अरुंद करते. अशा वेळी ‘पोट साफ होत नाही’ याचं कारण अडथळा असू शकतो, आणि त्यावर भुसी टाकणं म्हणजे तो पूर्ण करणं. पोट फुगून घट्ट होणं, लाटेसारखी येणारी कळ, वारा न सरणं, हिरवट उलटी यांपैकी काहीही दिसलं तर भुसी बंद आणि थेट कॅज्युअल्टी. अन्ननलिकेच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये, रेडिएशनने घसा सुजलेला असताना, भुसी, सब्जा, चिया हे तिन्ही टाळा. घेतल्यावर छातीत दुखलं, लाळही गिळता येईना, तर ती तातडीची बाब आहे.

एक गोष्ट याला जोडूनच. भुसीने काम झालं नाही की काही घरांत एनिमा किंवा खालून ठेवायची गोळी आणली जाते. केमोनंतर पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खाली असताना हे धोक्याचं आहे, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव दोन्हीसाठी. आधी सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट आणि डॉक्टरांचा शब्द.

चूर्ण: फायबरच्या नावाखाली जुलाबाचं औषध

सॉफ्टोवॅकसारख्या मिश्रणात इसबगोलाबरोबर सोनामुखी, हरडा, बहावा, ज्येष्ठमध असतं. कायम चूर्णात सोनामुखी आणि ज्येष्ठमध आहे, शिवाय क्षार आणि काळं मीठ. ही चूर्णं बनावट नाहीत, आणि घटक वेष्टनावर लिहिलेले आहेत. पण मागणारा फायबर मागतो आणि हातात येतं आतड्याला चिमटा काढणारं औषध.

कॅन्सरच्या औषधांबरोबर याचा त्रास पोटॅशियमच्या वाटेने येतो. सोनामुखीने जुलाब जास्त झाले की पोटॅशियम उतरतं. नायलोटिनिब आणि रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये दिलं जाणारं आर्सेनिक ट्रायऑक्साइड यांनी हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा अवधी वाढतो. पोटॅशियम कमी असताना तो धोका आणखी वाढतो. ओंडान्सेट्रॉनही त्याच दिशेने ढकलतं. ॲबिराटेरोनने स्वतःच पोटॅशियम खाली आणि रक्तदाब वर जातो, आणि ज्येष्ठमध जास्त पोटात गेलं तर तेच करतं. चूर्णातलं प्रमाण थोडं असेल, पण दिशा एकच आहे, आणि रोज दोन चमचे घेणारे रुग्ण कमी नाहीत. शिवाय कॅपेसिटाबिन किंवा इरिनोटेकान हे केमोचं औषध चालू असताना जुलाब सुरू झाले, तर ते औषधाचे की चूर्णाचे हे कळेनासं होतं, आणि डोस थांबवायचा की नाही हा निर्णय अडतो.

सोनामुखी वाईट नाही. मॉर्फिनवाल्या रुग्णाला तीच लागते, हे वर आलंच आहे. ती मोजून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यावी, चवीच्या चूर्णातून अंदाजाने नको. या कामासाठी आम्ही चूर्णांची शिफारस करत नाही.

संत्र्याच्या चवीची पाकिटं

फायबोजेलसारख्या पाकिटात साडेतीन ग्रॅम भुसी मोजून येते. चमच्याचा घोळ संपतो, आणि तोंडाला चव नसलेल्या माणसाला ते जातं, हे दोन्ही फायदे खरे आहेत. ग्रॅममागे पैसे मात्र साध्या भुसीपेक्षा बरेच जास्त. घेताना वेष्टनावर तीन गोष्टी वाचा: साखर आहे की ॲस्पार्टेम, सोडियम किती, आणि बायकार्बोनेट आहे का. फसफसणाऱ्या पाकिटातला खार पोटातलं आम्ल थोडं मारतो. दासाटिनिबसारख्या टार्गेटेड गोळीला विरघळायला आम्ल लागतं, आणि तिच्यासाठी अँटासिडपासूनही २ तासांचं अंतर सांगितलेलं आहे. म्हणजे इथे दोन तासांचा नियम दोन कारणांसाठी पाळायचा.

ज्यांच्या घरात औषध देणारी व्यक्ती रोज बदलते, एक दिवस मुलगी, एक दिवस शेजारी, त्यांच्यासाठी पाकीट जास्त सुरक्षित. एरवी साधा डबा पुरे.

भुसीच्या कॅप्सूलही मिळतात. एका कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅमच्या आसपास भुसी मावते, म्हणजे साडेतीन ग्रॅमसाठी सात गिळायच्या. आधीच मूठभर गोळ्या गिळणाऱ्याला ते कशाला सांगायचं?

पाण्यात विरघळणारं फायबर

गव्हाचं डेक्स्ट्रिन आणि अर्धवट तोडलेला ग्वार गम या पावडरी पाण्यात, ताकात, वरणात मिसळून जातात. त्या घट्ट गोळा धरत नाहीत. त्यामुळे घशात अडकण्याची भीती कमी आणि औषध चिकटून राहण्याची शंकाही कमी, तरी अंतर पाळावंच. नाकातून नळी घातलेल्या रुग्णाच्या नळीत इसबगोल कधीच घालू नये, ती बंद होते आणि बदलावी लागते. नळीसाठी फायबर द्यायचंच असेल तर डाएटिशियन या विरघळणाऱ्या पावडरींपैकीच एखादी निवडतात, प्रमाण ठरवून. कडक बद्धकोष्ठतेवर मात्र यांचा जोर इसबगोलापेक्षा कमी. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असेल तर लेबल नीट बघा.

चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन असलेल्या पावडरींनी गॅस फार होतो, आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तो सहन होत नाही. ‘फायबर-प्रोटीन-मल्टिव्हिटॅमिन’ असं सगळं एकत्र असलेला डबा असेल तर फॉलिक ॲसिड किती आहे ते पाहा. कॅपेसिटाबिन किंवा त्याच जातीचं केमो औषध फाइव्ह-एफयू चालू असताना जादा फॉलिक ॲसिडने त्या औषधांचा विषारी परिणाम वाढू शकतो. हळदीचा किंवा ग्रीन टीचा अर्क घातलेले डबे तर दुकानातच परत करा. ग्रीन टीतला मुख्य घटक बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधाला निकामी करू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

जवस, सब्जा, कोंडा

गव्हाच्या कोंड्याने लोह आणि झिंकचं शोषण घटतं, आणि ओटीपोटावर रेडिएशन चालू असताना तो आतड्याला खरखरीत पडतो. जवसाची चटणी जेवणात एखादा चमचा असणं वेगळं आणि जवसाची पूड औषध म्हणून रोज मूठभर घेणं वेगळं. जवसात इस्ट्रोजेनसारखे घटक असतात, त्यामुळे टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी चालू असलेल्या बाईने मूठभराचा प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावा. सब्जा भिजवून पूर्ण फुगल्यावरच. हाय-फायबर बिस्किटांत साखर आणि तेल आधी मोजा.

जुलाब चालू असताना

कॅपेसिटाबिनमध्ये नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जावं लागलं, किंवा रात्री उठावं लागलं, तर गोळी थांबवून फोन करायचा असतो. इथे दह्यातून इसबगोल देऊन ‘बघू उद्यापर्यंत’ म्हणणं घातक आहे. भुसी मलाला आकार देते, त्यामुळे आकडा कमी वाटतो, पण अंगातलं पाणी आणि क्षार जातच असतात. इरिनोटेकानच्या जुलाबावर लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध ठरलेल्या पद्धतीने देतात. त्याच्या जोडीला भुसी आपल्या मनाने देऊ नये, कारण एक आतडं थांबवतं आणि दुसरी आकार वाढवते.

लहान आतड्याची पिशवी पोटावर असलेल्यांना मात्र भुसी कामाची ठरते. पिशवीत पाण्यासारखं येत असेल तर थोड्या पाण्यातून अर्धा-एक चमचा भुसी दिली की ते घट्ट होतं. हा अपवाद स्टोमा नर्सच्या (अशा पिशवीची काळजी घेणाऱ्या नर्सच्या) सांगण्यावरूनच करावा, पाण्याचं माप इथे वेगळं असतं.

इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती वापरून केलेले उपचार) चालू असलेल्यांकडून हल्ली एक प्रश्न बराच येतो. २०२१ च्या अखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकात मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांचा अभ्यास आला. त्यात आहारातून जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये इम्युनोथेरपीचा निकाल चांगला दिसला होता. तिथे फायबर म्हणजे डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खं धान्य. डब्यातली पावडर नव्हे. त्या बातमीवरून महागडी पावडर घेण्यापेक्षा मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, पपई हे जेवढं पचेल तेवढं खावं.

मुंबईत घेताना आणि ठेवताना

सुटी भुसी गांध्याकडे (सुकी औषधं आणि मसाले विकणाऱ्याकडे) स्वस्त मिळते, पण केमो चालू असताना ती नको. किती जणांचे हात लागलेले असतात आणि पोतं कधी उघडलं, काही कळत नाही. बंद डबा, बॅच नंबर, मुदत आणि परवाना क्रमांक छापलेला, असाच घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारात मोठा डबा स्वस्त पडेलही, पण एका रुग्णाला १०० ग्रॅम बरेच दिवस पुरतात आणि पावसाळ्यात उघडा डबा टिकत नाही. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत भुसी ओल धरते, गुठळ्या होतात, मग चमच्याचं माप आणि फुगणं दोन्ही बिघडतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, कोरडा चमचा, आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. गुठळी झालेली किंवा कुबट वास येणारी भुसी चाळून वापरू नका, टाकून द्या. कालवायला उकळून गार केलेलं पाणी घ्या.

कर्जत-कसाऱ्याहून किंवा विरारहून लोकलने ओपीडीला येणारे त्या दिवशी पाणी कमी पितात, कारण डब्यात शौचालय नसतं आणि हॉस्पिटलमध्ये रांग सोडता येत नाही. त्या दिवशी भुसी घ्यायचीच नाही. आदल्या संध्याकाळची पुरे, पुढची घरी परतून पाणी पोटभर पिता आल्यावर.

कोलोनोस्कोपी ठरली असेल तर भुसी बरेच दिवस आधी बंद करतात, साधारण आठवडाभर. आतड्याच्या भिंतीला चिकटलेला थर असेल तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि सगळी तयारी पुन्हा करावी लागते. तारीख हातात पडली की त्याच काउंटरवर विचारून घ्या. आणि फाइलच्या औषधांच्या पानावर भुसीचं नाव, रोजचं माप, घेण्याची वेळ आणि सुरू केल्याची तारीख एका ओळीत लिहून ठेवा. ‘आणखी काही घेता का?’ या प्रश्नाला भुसीचं नाव बहुतेक जण सांगतच नाहीत.